मोटारीतली ठकठक

वैशाखाच्या दुपारी पांढुर्ण्याहून मुलताईकडचा चढ लागतो. वरच्या गिअरमध्येच पाय दाबला, की यंत्रातून पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिक याला ‘नॉकिंग’ म्हणतात.

ठिणगीची ज्योत सिलिंडरभर पसरण्याआधीच कोपऱ्यातले तापलेले मिश्रण आपोआप पेटते, त्याचा हा धक्का. टर्बो हवा कोंबतो आणि तापवतोही, म्हणून टर्बो-मोटारीला धोका अधिक. शर्यतीच्या मार्गावर गोंगाटात हा आवाज ऐकूही येत नाही, आणि तीव्र नॉकिंगने दट्ट्या लवकरच निकामी होऊ शकतो.

१९२१ साली अमेरिकेत टॉमस मिजली यांनी पेट्रोलात शिशाचे संयुग मिसळून उपाय शोधला. परंतु शिसे विषारी. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. आज उसापासूनही होणारे इथेनॉल पेट्रोलचा ऑक्टेन वाढवते.

मग मोटार जुळवावी कशी? नेहमी वापरायचे तेच पेट्रोल भरावे. टर्बोचा दाब कमी व ठिणगी उशिराची ठेवून आरंभ करावा. ठिणगी एकेक अंश पुढे आणावी. ताकद वाढेनाशी झाली किंवा नॉक-सेन्सरने इशारा दिला, की थांबून दोन अंश मागे यावे. दाब वाढवला, की हीच तपासणी पुन्हा करावी. गार पहाटेच्या चाचणीवर विसंबू नये. खरी परीक्षा भर दुपारची. फेऱ्यांमध्ये यंत्राला निवू द्यावे.

थोडी अश्वशक्ती सोडावी लागेल. पण संध्याकाळी मोटार आपल्या चाकांवर घरी परतेल.