अंतराळातलं पोट आणि आपली पेज

(मालवण येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



2025च्या जून-जुलैत शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहून आले. सोबत गाजराचा हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस होता. आमरस म्हटल्यावर देवगडकरांचे कान टवकारले असतील! पण वजनच हरपलेल्या शरीरात पोटाचं आणि प्रतिकारशक्तीचं काय होतं, हा आजचा विषय.

अंतराळवीरांना उड्डाणाआधी विलगीकरणात ठेवतात, बाहेरचा संसर्ग फारसा पोचत नाही. तरी आतले जुने भाडेकरू जागे होतात. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या, तरी तो विषाणू मज्जातंतूंत जन्मभर दडून असतो. नासाने तपासलेल्या शटलच्या 89 अंतराळवीरांपैकी 47 जणांच्या लाळेत किंवा लघवीत अशा नागीण-कुळातले विषाणू सापडले. स्थानकावरच्या 23 पैकी 14 जणांत. बहुतेकांना त्रास झाला नाही, पण पहारा सैल झाला होता हे नक्की.

ताण, अपुरी झोप, किरणोत्सर्ग ही कारणं आहेतच. मग वजनरहिततेचा दोष किती? ऑगुस्टो कोगोली या शास्त्रज्ञाने रक्तातल्या लढाऊ पेशी अंतराळात नेल्या. डिवचल्यावर त्या जमिनीवर झपाट्याने वाढतात, तिथे जवळजवळ ढिम्म राहिल्या. 1985च्या मोहिमेत काही पेशी तिथेच गरगरत्या यंत्रात ठेवून त्यांना कृत्रिम वजन दिलं, आणि त्या कामाला लागल्या! यान तेच, किरणोत्सर्ग तोच. फरक फक्त वजनाचा.

रोगजंतूंची तऱ्हा उलटी. 2006 साली अटलांटिस यानात वाढवलेले साल्मोनेला जंतू पृथ्वीवर आणून उंदरांना दिले, तेव्हा ते जमिनीवर वाढवलेल्या जंतूंपेक्षा अधिक घातक निघाले.

आता आतड्याकडे येऊ. स्कॉट केली 340 दिवस अंतराळात होते, त्यांचे जुळे भाऊ मार्क जमिनीवर. स्कॉट यांच्या आतड्यातल्या जिवाणूंच्या मुख्य गटांचं प्रमाण तिथे बदललं आणि परतल्यावर पुन्हा जाग्यावर आलं. याचं सगळं खापर वजनरहिततेवर फोडता येत नाही. तिथलं जेवण पाकिटातलं. ताजी फळं मालवाहू यान येईल तेव्हाच. आपल्याला न पचणारा चोथा आतड्यातले जिवाणू खातात आणि ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराचं ते मुख्य इंधन. शरीराच्या संरक्षक पेशींचा मोठा वाटा याच अस्तराशी तळ ठोकून असतो. ते कमजोर झालं की त्या बिथरतात.

बिथरणं म्हणजे दुबळं होणंच नव्हे. स्थानकावरच्या एका अंतराळवीराच्या अंगावर महिनोन्‌महिने पुरळ उठत होतं. एकीकडे ढिलाई, दुसरीकडे नको तिथे आक्रस्ताळेपणा! प्रतिकारशक्ती नुसती वाढवून भागत नाही, ती ताळ्यावर राहावी लागते.

त्यासाठी आतड्यातल्या जिवाणूंना खाऊ घालायला आपल्याकडे उकड्या तांदळाची पेज आहे. भात शिजवून थंड केला की त्यातल्या पिठूळ भागाचा काही अंश पचेनासा होतो आणि थेट जिवाणूंच्या पंगतीला जातो. नाचणी आणि कुळीथ तर चोथ्याची खाणच. म्हणून माझं एवढंच मागणं: ‘इम्युनिटी बूस्टर’ लिहिलेली बाटली दिसली की ती खाली ठेवा, आणि ते पैसे बाजारात नाचणी, कुळीथ आणि पालेभाजीवर खर्च करा.