"दुधाचेच दात आहेत" म्हणून चिठ्ठी बाजूला ठेवू नका

आजचा विषय लहान मुलांच्या दातांचा आहे, पण ऐकायचाय तुम्हाला. कारण घरातली छोटी भाची, पुतण्या किंवा तुमचं स्वतःचं लेकरू दवाखान्यात न्यायची वेळ आली की धावपळ तुम्हीच करता.

मी दातांची डॉक्टर आहे. किडलेल्या दातांचं मूल आलं की कधीकधी मी चिठ्ठी लिहून देते, 'बालदंतरोगतज्ज्ञांना दाखवा.' आईबाबा मान डोलावतात. मागून आजी म्हणतात, "अगं, दुधाचेच दात ते, पडणारच आहेत." झालं! चिठ्ठी पर्समध्येच राहते.

आजींचं अर्धं बरोबर आहे. दात पडणार, पण कधी? पुढचे साधारण ६-७ व्या वर्षी पडायला लागतात. दाढा मात्र १० ते १२ वर्षांपर्यंत राहतात. म्हणजे चार वर्षांच्या मुलाची दाढ किडली, तर त्याला तिच्यावर अजून सहा-सात वर्षं जेवायचंय! दुधाच्या दाताचं कवच पातळ असतं, त्यामुळे कीड नसेपर्यंत लवकर पोचते. मग रात्री रडणं, एकाच बाजूने चावणं, जेवण टाळणं. दाढ फार लवकर काढावी लागली, तर शेजारचे दात सरकतात आणि पक्क्या दाताची जागा कमी होते.

आणखी एक. सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे जी दाढ येते, ती पक्की असते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून घरचे तिलाही दुधाचीच समजतात. ती गेली की दुसरी येत नाही.

मग मीच उपचार का करत नाही? छोटी कीड मी भरतेच. पण तीन वर्षांचं मूल, सात-आठ दात किडलेले आणि तोंडच उघडत नाही, तिथे वेगळी तयारी लागते. हे तज्ज्ञ बीडीएसनंतर तीन वर्षं मुलांचेच दात शिकतात. ते नसेवर उपचार करून स्टीलची टोपी बसवतात. कीड थांबवणारं औषध लावतात. त्याने किडलेला भाग काळा पडतो, घाबरू नका. अगदीच गरज पडली, तर हॉस्पिटलमध्ये पूर्ण भूल देऊन सगळे दात एकदम करतात.

खर्चाची भीती असेल, तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत चौकशी करा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते, त्यात दातही बघतात. तिथे मिळालेली चिठ्ठीही जपून ठेवा.

चिठ्ठी हातात आली की तीनच प्रश्न विचारा: कुठे जायचं? किती दिवसांत? तोपर्यंत दुखलं तर काय द्यायचं? एक्स-रे काढला असेल तर सोबत न्या. आणि चिठ्ठीचा फोटो लगेच फॅमिली ग्रुपवर टाका, म्हणजे हरवणार नाही!

गाल सुजला आणि सोबत ताप असेल, सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली पसरत असेल, गिळायला त्रास होत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच वेळी हॉस्पिटल गाठा.

आज रात्री एक काम करा. मोबाईलचा टॉर्च लावा, लेकराचा ओठ हलकेच वर उचला. हिरडीजवळ खडूसारखे पांढरे डाग, तपकिरी खड्डे किंवा हिरडीवर पुळी दिसली, तर या आठवड्यातच दाखवून या.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!