कॅल्क्युलेटर म्हणतो, पैसे पुरतील!

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात ज्येष्ठ सभासदांसमोर केलेले भाषण)

सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि चहा तयार आहे, तेव्हा सरळ विषयावर येतो.

25 वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात एकच आकडा असायचा, कर्जाचा हप्ता. हप्ते फिटले. आता प्रश्न उलटा झालाय : साठवलेल्यातून महिन्याला किती काढायचे? ज्यांना सरकारी पेन्शन आहे त्यांनी खुशाल चहाकडे लक्ष ठेवावं.

मी खाजगी कंपनीतून साठाव्या वर्षी निवृत्त झालो. पीएफ, ग्रॅच्युइटी, थोडे म्युच्युअल फंड, सगळं मिळून 50 लाख. मुलानं मोबाईलवर एसडब्ल्यूपीचा, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम काढण्याचा, कॅल्क्युलेटर उघडून दिला. पुंजी 50 लाख, दरमहा 30 हजार, परतावा 8 टक्के, मुदत 24 वर्षं. बटण दाबलं. 24 वर्षांनंतरही मुद्दल 50 लाखांच्या वरच! मी खूश. हिला हाक मारून दाखवलं.

ही म्हणाली, "अहो, पण 24 वर्षं का?"

म्हटलं, मी 84 चा होईन, पुरे झालं की.

"आणि मी? मी तेव्हा 79 ची. पुढे काय करू?"

खरं सांगतो, मला उत्तर सुचलं नाही. आयुष्यभर ऑफिसात हिशेब तपासले आणि घरचाच माणूस हिशेबातून सुटला.

मग आम्ही दोघं पुन्हा बसलो. तेव्हा लक्षात आलं की त्या कॅल्क्युलेटरमध्ये महागाईचा रकानाच नव्हता. 30 हजार म्हणजे शेवटपर्यंत 30 हजारच! महागाई 6 टक्के धरली, तर 12 वर्षांत खर्च दुप्पट होतो. महागाई विचारणारा दुसरा कॅल्क्युलेटर शोधला, बाकी आकडे तेच भरले. पैसे सोळा-सतरा वर्षांत संपले. मी 77 चा, ही 72 ची. चूक यंत्राची नव्हती. आपण जे भरतो त्याचंच ते उत्तर देतं.

आणखी एक खोच आहे. कॅल्क्युलेटर दरवर्षी इमानदारीत 8 टक्के धरतो. बाजार तसा वागत नाही. समजा, पहिल्याच वर्षी खर्चाचे 3 लाख 60 हजार काढले आणि उरलेले 20 टक्क्यांनी घसरले. हातात राहिले साधारण 37 लाख. आता दुसऱ्या वर्षाचा खर्च उरलेल्या पुंजीच्या दहा टक्क्यांहून जास्त! तीच घसरण पंधराव्या वर्षी आली तर इतकं बिघडत नाही. म्हणून पहिल्या दोन-तीन वर्षांचा खर्च मी बाजारात ठेवत नाही. त्यासाठी एफडी आणि पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना. तिथे 2023 पासून 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तीन महिन्यांनी. ते व्याज मात्र महागाईबरोबर वाढत नाही, हे विसरू नका.

इंटरनेटवर "4 टक्के काढा, 30 वर्षं पुरतील" असं वाचाल. तो हिशेब विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन सल्लागाराने 1994 साली तिथल्या शेअर-रोख्यांच्या आकड्यांवरून मांडला. तिथली महागाई वेगळी, आपली वेगळी. अंदाजाला घ्या, जसाच्या तसा लावू नका.

आणि हो, इमारतीलाही 25 वर्षं झाली. स्ट्रक्चरल ऑडिट, गळती, लिफ्ट. मोठ्या दुरुस्तीची वर्गणी एकदम येते. गुडघ्याचं ऑपरेशनही तसंच. अशा खर्चाचा रकाना बहुतेक कॅल्क्युलेटरमध्ये नसतो. ती रक्कम आधीच वजा करा आणि मग पुंजीचा आकडा भरा.

आम्ही काय केलं? दरमहाचा खर्च 30 चा 25 हजारांवर आणला, आणि मी तीन वर्षं अर्धवेळ हिशेबाचं काम धरलं, पुंजीला हात न लावता. आकडा 24 वर्षांच्या आसपास गेला. हिची नव्वदी अजून त्यात बसत नाही. दर दिवाळीनंतर आम्ही नवे आकडे भरतो, परतावा 8 ऐवजी 7 आणि 6 टाकूनही पाहतो. वयाचा रकाना आता हीच भरते.

येत्या रविवारी सकाळी दहाला मी लॅपटॉप घेऊन सोसायटीच्या ऑफिसात बसणार आहे. जोडीनं या. खर्चाची वही आणा. पासवर्ड आणि ओटीपी घरीच ठेवा, आणि कॅल्क्युलेटरनं मोबाईल नंबर मागितला तर देऊ नका. चला, चहा थंड होतोय.