दगडाच्या पोटांतील माती

सोलापुराच्या शिवारांत विहीर खणावयास घेतली म्हणजे प्रथम काळी माती लागते, मग मुरूम आणि त्याखालीं काळा पाषाण. सुरुंग लावीत कांहीं परस खालीं गेल्यावर एखादे ठिकाणीं अवचित विटेच्या रंगाची मऊ माती हातीं येते. खणणारास वाटतें, पाषाण संपला! परंतु त्या मातीखालीं पुन्हां काळा पाषाण असतोच. एका जातीच्या थरांमध्यें असा निराळ्याच जातीचा थर शिरलेला असणें, यास भूगर्भशास्त्रांत अंतर्वेशन म्हणतात. पंचांगांतील अधिक मासाशीं त्याचें नातें आहे. मात्र अधिक मास मनुष्यानें हिशेबाकरितां घातलेला, हा थर निसर्गानें.

दक्षिणेचें पठार सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं लाव्ह्याच्या लोटांवर लोट येऊन घडलें. एक लोट निवाला, त्याचा माथा ऊनपावसानें झिजून माती झाली आणि वरून दुसरा तप्त लोट आला. मातीची जणूं वीट भाजली गेली. लाल पट्टा ही ज्वालामुखीची विश्रांति होय. ती किती दीर्घ असे, हें नागपुराकडे पाहावें. तेथें टाकळीनजीक लोटांच्या मधोमध तळ्यांतला गाळ आढळला आणि त्यांत गोड्या पाण्यांतील गोगलगाईंचे शंख, फळें, बिया! स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर यांनीं १८५५ सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. दोन अग्निप्रलयांच्या मध्यें तळें भरलें आणि त्यांत पिढ्यान् पिढ्या जीव नांदले.

विहिरीच्या धन्यास अर्थातच पाणी हवें. लाल थर चिकण. तो पाणी सहजासहजीं खालीं जाऊं देत नाहीं. म्हणून त्यावरील भेगाळ पाषाणांत पाणी सांचलेलें असेल, तर थर फोडण्यापूर्वीं विचार करावा. त्या छिद्रांतून वरचें पाणीही खालीं निसटूं शकतें.

वनस्पतिशास्त्रांतही हा शब्द आहे, आणि त्याचें उदाहरण त्याच विहिरीच्या कांठीं उभें असतें. ज्वारीचें ताट केवळ शेंड्याशीं वाढत नाहीं. प्रत्येक पेराच्या बुडाशीं, जून भागांच्या मध्यें, वाढणारा कोवळा भाग असतो. ताट ओढलें तर तेथेंच तुटतें. वार्‍यानें लोळलेलें कोवळें ताट याच जागीं खालच्या बाजूनें अधिक वाढून पुन्हां वर वळतें. पेरें जून झालीं कीं ही शक्ति सरते. मग कणसें भरल्यावर आडवें झालेलें पीक बहुधा आडवेंच काढावें लागतें.