कै. बाबा कदम आणि आपले वाचन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषण करणे हे माझे काम नव्हे. परंतु "तुम्हांला वाचनाचा नाद आहे, तर एखाद्या लेखकाविषयी बोला," असे अध्यक्षाबाईंनी सांगितले आणि त्यांचा शब्द मला मोडवेना. ज्यांच्या पुस्तकांनी मला वाचनाची गोडी लागली, त्या कै. बाबा कदमांविषयी मी चार शब्द सांगणार आहे.

बाबा कदम हे आपल्या कोल्हापूरचे. त्यांचे पूर्ण नाव वीरसेन आनंदराव कदम. जन्म ४ मे १९२९ चा. ते पेशाने वकील होते आणि सरकारी वकील म्हणून त्यांनी काम केले. कोर्टकचेरी सांभाळून त्यांनी कितीतरी कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्या 'भालू' या कादंबरीवरचा त्याच नावाचा चित्रपट आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला असेल. २० ऑक्टोबर २००९ रोजी, दिवाळीच्या दिवसांत ते गेले. माझ्या नात्यागोत्यातले ते कोणी नव्हते, मी त्यांना कधी पाहिलेही नाही. तरी ती बातमी वाचून घरचे वडीलधारे माणूस गेल्यासारखे वाटले.

अशा लेखकांना मोठे लोक साहित्यिक म्हणत नाहीत. बाबूराव अर्णाळकरांनी हजारांवर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार आणि काळा पहाड आमच्या वडिलांच्या पिढीला तोंडपाठ. ते १९९६ साली वारले. सुहास शिरवळकर २००३ साली गेले, गुरुनाथ नाईक २०२१ साली. ह्यांची पुस्तके कोणी शाळेत लावली नाहीत. ती एस. टी. स्टँडवर विकली गेली, भाड्याच्या लायब्रऱ्यांतून हातोहात फिरली आणि पाने सुटेपर्यंत वाचली गेली. ज्यांच्या घरात पोथी आणि पंचांग यांपलीकडे पुस्तक नव्हते, त्यांच्या घरात पुस्तक शिरले ते ह्यांच्यामुळे.

माझेच सांगते. सातवीनंतर माझी शाळा सुटली. लग्न होऊन मी उचगावात आले. घरात सासू-सासरे, दीर, दारात दोन म्हशी. धारा, शेणघाण, भाकऱ्या यांत दिवस कसा जाई ते कळत नसे. वर्तमानपत्र पुरुषांच्या हातून सुटून आमच्याकडे येई ते डब्यात घालायलाच. चार-पाच वर्षांत जोडाक्षर आले की मी अडखळू लागले होते. अशात आमच्या घरातून कोल्हापूरहून भाड्याने बाबा कदमांची कादंबरी आली. ती आली होती दिरांसाठी. मी सहज चार पाने चाळली, आणि पुढे काय झाले हे कळल्यावाचून चैन पडेना. दुपारी भांडी झाली की दहा पाने, रात्री सगळे निजल्यावर पंधरा. सासूबाई म्हणायच्या, "काय गं, त्या खुनाच्या पुस्तकात काय मेलं ठेवलंय?" मग एके दिवशी मी त्यांना मोठ्याने वाचून दाखविले. दुसऱ्या दिवशी त्याच विचारू लागल्या, "त्या फौजदाराचं पुढं काय झालं?"

त्यांची भाषा आपल्या तोंडातली. वाक्य लहान, पाल्हाळ नाही. आणि वकील असल्यामुळे कोर्ट, पोलीस चौकी, पंचनामा ह्यांची त्यांना खरी माहिती. फिर्यादी कोण, आरोपी कोण, जामीन म्हणजे काय, जबाबावर सही करण्यापूर्वी तो वाचून का घ्यावा, हे मला कोणी शिकविले नव्हते. ते मी गोष्टीच्या ओघात शिकले.

ह्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. माझे वडील वारल्यावर वर्षभराने भाऊ एक कागद घेऊन घरी आले. म्हणाले, "ताई, वारसाची नोंद करायची आहे, इथं सही कर." चहा ठेवला होता. मी म्हटले, "दादा, वाचते आणि करते." वाचला, तो हक्कसोडीचा कागद होता. कागद लिहिणाऱ्याने भावाला काय सांगितले होते ते देव जाणे. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि सबंध देशात २००५ साली कायद्याने मिळाला, हे मला ठाऊक होते. मी सही केली नाही. वर्षभर माहेरी अबोला राहिला, त्याचे दुःख मी लपवीत नाही. पुढे सातबारावर माझेही नाव लागले. जमीन आजही दादाच कसतात, मी एक दाणा मागत नाही, आणि भाऊबीजेला ते येतात. सही केली असती तर आमचे नाते राहिले असते, पण मला माझ्या घरी पाहुणीसारखे वाटले असते. जिला अक्षर वाचण्याची सवय आहे, तीच बाई "थांबा, वाचते" असे म्हणू शकते.

ह्या पुस्तकांत उणे नाही असे मी म्हणत नाही. अशा पुष्कळ कादंबऱ्यांत बाई म्हणजे एकतर रूपवान, नाहीतर बिचारी. मुखपृष्ठे अशी, की आम्ही त्यांना वर्तमानपत्राचे वेष्टन घालीत असू. पण पहिला घास गोड लागला तर मूल पुढचा घास मागते. मीही ह्या पुस्तकांवरून पुढे दुसऱ्या पुस्तकांकडे गेले.

आता मुद्द्याचे बोलते. मंडळ यंदा पुस्तकांचे कपाट घेणार आहे. त्यात फक्त स्तोत्रे, व्रतकथा आणि संस्काराची पुस्तके ठेवावीत, असे काही भगिनींचे म्हणणे आहे. ती पुस्तके अवश्य ठेवावीत. पण ज्या बाईचे वाचन सुटले आहे, ती त्यांच्यासाठी कपाट उघडणार नाही. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, परंतु घरचे आवरून तिथवर जाणे आपल्यापैकी किती जणींना जमते? म्हणून एका फळीवर बाबा कदम, अर्णाळकर, शिरवळकर असावेत. माझ्याजवळची बाबा कदमांची पाच पुस्तके मी आज मंडळाला देत आहे. पाने सैल झाली आहेत, जपून हाताळावीत, आणि वाचून झाल्यावर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मोठ्याने वाचून दाखवावीत.

लेखकाचे स्मरण त्याच्या तसबिरीला हार घालून होते, तसे त्याचे पुस्तक उघडूनही होते. दुसरे आपल्या हातचे आहे.