पाण्याची पाळी आणि संगणकाची पाळी

पुणें-सोलापूर रस्त्यावरील वरवंड गांवीं व्हिक्टोरिया तलाव आहे. खडकवासल्याहून निघणाऱ्या मुठा उजव्या कालव्याचें पाणी दौंड तालुक्यांत येतें आणि त्या पाण्यानें हा तलाव भरतो. कालव्याचें आवर्तन सुटलें, कीं वांटणीचा प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्रांतील कालव्यांवर त्यासाठीं शेजपाळीची रीत आहे: प्रथम शेवटच्या शेताला पाणी, मग क्रमानें मुखाकडे. मुखाजवळच्या शेतकऱ्यानें चारीचें दार उघडेंच ठेवलें, तर तो लोभी असतो असें नाहीं; त्याचा ऊंसही तहानलेला असतो. परंतु शेवटचें शेत मात्र कोरडें राहतें.

अनेकांच्या सामाईक संगणकावरही हीच अडचण येते. तेथें वांटावयाचें तें प्रोसेसरच्या वेळाचें पाणी. १९६४ सालीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, तेव्हां अनेक संस्थांचीं गणितें त्या एकाच यंत्रावर होऊं लागलीं. २०१९ सालीं पुण्याच्या आयसर संस्थेंत परम ब्रह्म हा महासंगणक उभा राहिला. यंत्रें वाढलीं, तशी मागणीही वाढली. पाळीची गरज सरली नाहीं.

ही पाळी लावण्याचे प्रकार निरनिराळे आहेत. पहिला सौजन्याचा. युनिक्स प्रणालींत 'नाइस' ही आज्ञा आहे. तिनें कोणीही आपल्या कामाचा अग्रक्रम स्वतः खालीं आणूं शकतो. तो सामान्यापेक्षां वर चढविणें मात्र व्यवस्थापकाच्या हातीं. दुसरा प्रकार वांट्याचा. लिनक्स प्रणालींत २००८ पासून कामांचे गट करतां येतात. एका गटाचें वजन १०० आणि दुसऱ्याचें २०० ठेवलें, तर दोघांचीही मागणी असतां वेळ एकास दोन या प्रमाणांत वांटला जातो. एक स्वस्थ असेल, तर दुसऱ्यास सर्व वेळ मोकळा. तिसरा प्रकार कडक मर्यादेचा. दर १०० मिलिसेकंदांत ५० मिलिसेकंदच द्यावयाचे असें ठरविलें, तर गटाला एका प्रोसेसरचा अर्धा वेळ मिळतो. पुढें प्रोसेसर रिकामा असला, तरी थांबावेंच लागतें.

यांतील भेद समजण्यास वरवंडचा तलाव उपयोगी पडतो. आज न लागलेलें पाणी तलावांत सांठवितां येतें. प्रोसेसरचा रिकामा गेलेला क्षण सांठविणारा तलाव कोठेंही नाहीं. म्हणून सरसकट कडक मर्यादा घालणें म्हणजे पुष्कळदां पाणी ओढ्याला सोडून देणें होय. चढाओढ असेल तेव्हांच आड येणारा वांटा हा सामान्यतः अधिक शहाणपणाचा. कडक मर्यादेची जागा वेगळी: मोबदला ठराविक वेळाचाच घेतला असेल तेथें ती योग्य ठरते. आणि चुकीनें न संपणाऱ्या फेऱ्यांत अडकलेल्या कामासाठीं एकूण वेळाची मर्यादाही हवी. ती ओलांडतांच काम बंद पडतें.

मर्यादा ही मोठ्या कामाला शिक्षा नव्हे. रात्रभर चालणारें गणित रात्रभर चालावें; पण त्याच वेळीं एखाद्या विद्यार्थ्याचें दोन मिनिटांचें काम सकाळपर्यंत खोळंबूं नये. पाळी चांगली कीं वाईट, याची परीक्षा मुखाशीं होत नाहीं. ती शेवटच्या शेतांत होते.