पतगुणांक अचानक का घसरतो?



एखाद्या प्राथमिक शिक्षकाचे उदाहरण घ्यावे. वेतन नियमित, स्वतःच्या कर्जाचा एकही हप्ता थकलेला नाही. तरीही घरबांधणीसाठी तो बँकेत अर्ज करतो, तेव्हा त्याचा पतगुणांक, म्हणजेच लोकांच्या बोलण्यातील ‘सिबिल’, घसरला असल्याचे त्याला सांगण्यात येते. शोध घेता असे आढळते की, काही वर्षांपूर्वी तो एका मित्राच्या कर्जास जामीन राहिला होता आणि त्या मित्राचे हप्ते थकले आहेत.

जामिनाची सही बहुधा भिडेखातर केली जाते. शिक्षक, शासकीय कर्मचारी व पंचायत सदस्य यांच्याकडे तर असे कागद वारंवार येतात. परंतु भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ अन्वये, करारात अन्यथा तरतूद नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. साहजिकच ते कर्ज जामीनदाराच्या पतअहवालातही दिसू शकते.

पतमाहिती कंपन्यांचे कामकाज २००५ च्या स्वतंत्र कायद्यानुसार चालते. बँका व वित्तसंस्था त्यांना प्रत्येक कर्जखात्याची माहिती पुरवितात. तीवरून साधारणतः ३०० ते ९०० यांच्या दरम्यानचा गुणांक काढला जातो. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती निदान पंधरवड्यास एकदा पाठविणे बंधनकारक झाले. त्यामुळे चूक घडल्यास तिचा परिणामही लवकर दिसू लागला.

घसरणीची इतर कारणेही पुष्कळांच्या ध्यानात येत नाहीत. क्रेडिट कार्डाची मर्यादा जवळजवळ पूर्ण वापरली, तर रक्कम वेळेवर भरूनही गुणांक कमी होऊ शकतो. अल्पावधीत अनेक बँकांकडे कर्जाचे अर्ज केल्यास प्रत्येक चौकशीची नोंद होते. थकीत कर्जाची कमी रकमेवर तडजोड केली, तर खाते मिटते. पण नोंद ‘पूर्ण परतफेड’ अशी न होता ‘तडजोड’ अशीच राहते. कधी नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचेच कर्ज आपल्या नावावर चढते, तर कधी फेडलेले कर्ज चालू दाखविले जाते.

अशा वेळी नागरिक निरुपाय नाही. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याचा त्यास हक्क आहे. स्वतःचा अहवाल पाहिल्याने गुणांक कमी होत नाही. चूक आढळल्यास बँकेकडे अथवा कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तिचे निवारण ३० दिवसांत न झाल्यास, पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपयांप्रमाणे भरपाई देण्याची तरतूद २०२४ पासून लागू झाली. त्यानंतरही दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

तथापि तक्रारीने केवळ चुकीची नोंद दुरुस्त होते. खरी थकबाकी पुसली जात नाही. यास्तव जामिनाच्या कागदावर सही करण्यापूर्वी कर्जाची रक्कम, मुदत आणि ऋणकोची फेडण्याची ऐपत विचारून घ्यावी. सही केल्यावरही हप्ते भरले जात आहेत की नाही, याची अधूनमधून चौकशी करावी. अशी चौकशी म्हणजे मित्रावरचा अविश्वास नव्हे. वेळीच विचारलेल्या एका प्रश्नाने मित्राचे खाते सावरू शकते आणि त्या शिक्षकाचे घरही अडत नाही.